डबीतलं पाणी

१

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि पत्र्याचं झाकण घर्रर्र वाजू लागलं.

रविवारची पहाट होती. आठवड्यातली तेवढी एकच वेळ माझी असते. ब्लेसी झोपलेली, तिचे बाबा झोपलेले, समोर अर्धा कप चहा आणि शिरूर अजून जागं न झालेलं. झाकणाच्या आवाजानं लेक उठेल या धाकानं मी धावत जाऊन फोन उचलला.

"इवाताई, मी धनश्री. मांडवगणची, सायलीची वहिनी." ती अगदी दबक्या आवाजात बोलत होती. "लेन्स गेली वो."

"गेली म्हणजे? फाटली?"

"न्हाई. डबी जागेवर हाय, डबीत पाणी बी हाय, आन् लेन्सच न्हाई. दुपारी दौंडची पाव्हणी यायची साखरपुड्याला. आन् सगळी म्हणत्यात, म्याच घेतली."

मी चहा बाजूला सारला.

शिरूरला माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासते, नंबर काढते, लेन्स बसवून देते. सायलीची लेन्स नंबराची नव्हती. रांगत्या वयात तिच्या हातात चुन्याची ट्यूब आली होती. तिनं ती दाबली, ती फुटली आणि डाव्या डोळ्यात चुना उडाला. तेव्हापासून त्या बुबुळावर पांढरं फूल आहे. त्या डोळ्याला उजेड कळतो, समोर हात हलला तर कळतो, उन्हात माणूस उभा राहिला तर त्याची सावली कळते. तेवढंच. वरून बसवायची लेन्स मी तिच्या उजव्या डोळ्याशी रंग जुळवून मुद्दाम रंगवून घेतली होती. ती घातली की दोन्ही डोळे एकसारखे दिसत.

पहिल्या वेळी ती दुकानात आली तेव्हा लेन्स जवळ नेली की पापणी मिटायची. शेवटी तिचे वडील, भिमाजी आप्पा, म्हणाले, "मॅडम, मला शिकवा, मी घालतो." दूध काढणारी, उसाच्या पाचटानं चिरलेली ती बोटं. पण काय हलकी! पुढं सायली स्वतः शिकली. तरी दुकानात आली की आप्पा शेजारी उभे असत आणि मी सांगितलेलं पुटपुटत असत. बिनवासाचा साबण. हात पुसायचे न्हाईत, झटकून वाळवायचे. नळाचं पाणी डबीला लावायचं न्हाई. डोळा लाल झाला तर लेन्स डोळ्याला लावायची न्हाई, मग कुणाचं लगीन का असंना.

"दुसरी लेन्स हाय का तुमच्याकडं?" धनश्रीनं विचारलं.

"नाही गं. ती रंगवून मागवावी लागते. महिना जातो."

ती म्हणाली, "तरी तुम्ही या. तुम्ही आलात तर निदान माझं कुणी ऐकंल तरी."

माझा नवरा, एबनेझर, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो, रविवारी तो कुणाचाच नसतो. तेव्हा ब्लेसीला स्कूटीवर पुढं उभी केली आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला लागले. ती झोपेतून पुरती उठलीही नव्हती.

"कुठं जायचं?"

"एक हरवलेली वस्तू शोधायला."

"कुणी हरवली?"

तेच तर शोधायचं होतं.

२

दारात मांडव होता, खुर्च्यांची चळत होती, आणि घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

सायली आतल्या खोलीत पलंगावर, खिडकीकडं पाठ करून बसली होती. डोक्यावरनं ओढणी डाव्या बाजूला पार हनुवटीपर्यंत ओढलेली. धनश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी. दोघींच्या हातांवर रात्रीची मेंदी. सकाळी खरवडून वर तेल चोळलेलं, त्यामुळं तळवे लाललाल चमकत होते. सायलीची आई मध्ये उभी होती आणि तिचा तोंडाचा पट्टा सुरू होता.

"मी न्हाई नाव घेत कुणाचं. पण गेल्या आठवड्यात ह्याच घरात कोण म्हणलं, लपवून लगीन करू ने? आन् रातच्याला हिच्या खोलीत कोण झोपलं व्हतं?"

"आत्या, म्हणले मी तसं. आन् आजबी म्हणीन," धनश्री सासूला म्हणाली. "म्हणून मी चोरी करीन व्हय?"

"बघा इवाताई. बघा तोंड."

खाटेवर साखरबाई आजी माळ फिरवीत बसल्या होत्या. सायलीच्या बापाची आई. सगळं ऐकत होत्या, पण एरवी प्रत्येक गोष्टीत पडणारी म्हातारी आज गप्प.

"सायली, तू शेवटची कधी पाहिलीस?"

"रात्री. मेंदीच्या आधी. मीच काढून ठिवली." आवाज जड होता. "सकाळी उठले तर डबी तिथंच. झाकण घट्ट. आत बघते तर..."

"सकाळी म्हणजे तूच उघडलीस?"

"वहिनीनं. माझ्या हाताला तेल. तिच्याबी होतं, पण तिनं फडक्यानं धरून उघडली. आई बघत होती."

डबी कोनाड्यात होती. डबीला हात लावण्याआधी हात धुवायचे, ही माझी सवय. झोपेतसुद्धा चुकत नाही. मी मागं बेसिनपाशी गेले. पाहुण्यांसाठी नवा चंदनाचा साबण उघडून ठेवला होता, सकाळपासून सगळ्या घरानं त्यालाच हात लावलेला, फेस वाळून पांढरा झालेला. शेजारी वेगळ्या प्लास्टिकच्या बशीत दुसरा साबण होता. पांढरा, बिनवासाचा. मीच घ्यायला लावलेला. घरात त्याचं नाव 'सायलीचा साबण' होतं आणि दुसरं कुणी त्याला शिवत नसे.

मी तो उचलला. तो ओला होता. बशीत पाणी साचलेलं.

तेव्हा त्याचा मी फार विचार केला नाही. हात झटकत आत आले आणि डबी उजेडाला धरली. डाव्या बाजूचं झाकण उघडलं. आत पाणी काठोकाठ, स्वच्छ, तळ दिसेल असं. लेन्स नव्हती.

"अशी कशी जाईल?" मी स्वतःशीच म्हणाले. "झाकण लावलेल्या डबीतून?"

मागून माळ थांबल्याचा आवाज आला.

"त्या पोरीला बोल लावू नगा," आजी म्हणाल्या. "म्या केलंय ते."

३

सगळे आजींकडं वळले.

"म्हंजी काय?" सायलीच्या आईनं विचारलं.

"मंजी काय मंजी? रातचं पाणी शिळं. माझ्या सासूनं शिकवलं, तांब्या म्हणू नगा, कळशी म्हणू नगा, शिळं पाणी घरात ठिवायचं न्हाई. पहाटं उठले, माठ ओतला, घागर ओतली, देवाफुडची पंचपात्री ओतली. ही डबी दिसली. तिच्यातबी पाणी. दोन्ही वाट्या ओतल्या मोगऱ्याच्या आळ्यात, आन् दोन्हीत ताजं माठातलं पाणी भरून ठिवलं. मला काय ठावं त्यात डोळा हाय म्हणून?"

घरातली हवाच बदलली. सायलीच्या आईनं कपाळावर हात मारला आणि मग तिला हसूच फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "अवो आत्याबाई, तुमच्या शिळ्या पाण्यानं आमचं तोंडचं पाणी पळालं की!" धनश्री भिंतीला टेकून खालीच बसली. शेजारच्या बायका आत आल्या. कुणीतरी पिठाची चाळणी आणली, कुणी टॉर्च, आणि सगळ्या मोगऱ्याच्या आळ्यातली माती चाळायला बाहेर पळाल्या. ब्लेसीला तर जत्राच मिळाली.

शिळं पाणी ओतायचं हे या घरांमध्ये दात घासण्याइतकं साधं आहे. पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. लेन्सच्या डबीत साधं पाणी भरणं डोळ्याला किती घातक असतं, हे आजींना कसं समजावून सांगावं, याचीच मी मनात जुळवाजुळव करू लागले होते.

डबी अजून माझ्या हातात होती. घातलेलं पाणी फेकायचंच म्हणून मी डाव्या वाटीत बोट बुडवलं आणि अंगठ्यावर घासलं.

बोट सर्रकन सरकलं.

माठाचं पाणी असं सरकत नाही. मी त्यातलं थोडं पर्समधल्या ब्लेसीच्या रिकाम्या औषधाच्या बाटलीत ओतलं, झाकण लावलं आणि हलवलं. बाटलीत बारीक बुडबुड्यांचा थर उभा राहिला आणि तसाच टिकला. दुसऱ्या बाटलीत माठातलं पाणी हलवलं. बुडबुडे आले आणि लगेच फुटले. डबीत लेन्सचंच औषधी पाणी होतं. सोल्यूशन.

मग मी दुसरं, उजव्या बाजूचं झाकण उघडलं. सायली एकच लेन्स वापरते. उजवी वाटी तिला कधी लागतच नाही.

ती वाटी ठणठणीत कोरडी होती. तळाला धुळीचा पातळ पापुद्रा होता, बहुधा कित्येक महिन्यांचा.

आजी म्हणाल्या होत्या, दोन्ही वाट्या ओतल्या, दोन्ही भरल्या.

त्या माऊलीनं ही डबी आयुष्यात कधी उघडलीच नव्हती.

४

पलंगावर पाठ करून बसलेली सायली सोडली तर खोलीत आजी आणि मी, दोघीच होतो. मी त्यांच्या खाटेवर बसले आणि हळू आवाजात विचारलं.

"आजी, या डबीत वाट्या किती भरलेल्या होत्या?"

"दोन. सांगितलं की."

"एक कोरडी आहे."

त्यांनी डबीकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. तोंडात दात नव्हते, तरी हसू कसलं लबाड. "येशूची माणसं लई बारीक बघत्यात म्हणायची."

"कुणाला वाचवताय?"

"पोरी, तुला लेकरू हाय न्हवं?"

"आहे."

"मग इचारू नगंस." आणि माळ पुन्हा सुरू झाली. त्यांच्याकडून एवढंच मिळणार होतं, पण तेही काही थोडं नव्हतं.

मी धनश्रीला बोलावलं. "हात दाखव."

तिनं तळवे पुढं केले. रंग छान चढला होता, बोटांच्या टोकांपर्यंत. नखांच्या कडांना हिरवट पापुद्रे अजून चिकटलेले.

"सकाळपासून पाण्यात घातलेस?"

"कुठलं? आत्यांनी ताकीदच दिली. मेंदी खरवडली की आंघोळीपतोर पाणी लावायचं न्हाई, न्हाईतर रंग बसत न्हाई. चहासुद्धा त्यांनीच हातात दिला. माझा न् सायलीचा, दोघींचा."

"आत्यांनी लेन्सला कधी हात लावला?"

"त्या? लेन्स दिसली तरी डोळे झाकत्यात. म्हणत्यात, पोरीचं बुबुळ काढून ठिवल्यावाणी वाटतं."

मी तिला जायला सांगितलं आणि तशीच बसून राहिले.

घेणाऱ्यानं पाणी सांडलं नव्हतं. नुसती लेन्स बोटाच्या टोकानं उचलली होती, फाटू न देता. ते येत नाही सगळ्यांना. तेलाचा हात त्या पाण्यात गेला असता तर वर तवंग आला असता, मेंदीचा कण पडला असता. पाणी तर काचेसारखं होतं. म्हणजे धनश्री नव्हे. सायलीही नव्हे. आणि जो कुणी होता, त्यानं लेन्सला शिवण्याआधी हात धुतले होते. जवळ पडलेला नवा वासाचा साबण सोडून, वेगळ्या बशीतल्या पांढऱ्या साबणानं. असा चोर मी तरी ऐकला नव्हता. चोरी करायची, आणि ज्याची चोरी करायची त्या डोळ्याची एवढी काळजी घ्यायची.

कोण ते मला कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. त्या घरात ही लेन्स आज डोळ्यावर असावी म्हणून सगळ्यांत जास्त जीव टाकणारं माणूस तेच असायला हवं होतं.

तेवढ्यात बाहेरून बायका खिडकीपाशी आल्या, पडदा सरकला, सायलीनं वळून बघितलं आणि उन्हाचा पट्टा तिच्या तोंडावर पडला. तिनं झटकन डावा डोळा हातानं झाकला. मेंदीच्या हातानं, रंगाची पर्वा न करता.

उन्हात माणसाची सावली तेवढी दिसणारा तो डोळा. त्याला ऊन टोचत होतं.

"सायली," मी म्हणाले, "ओढणी काढ."

"कशाला?"

"काढ बाळा."

५

डोळा लालभडक होता. पापणी सुजलेली, पाण्याची धार लागलेली. मी टॉर्च तिरकी धरली. जुनं फूल मला पाठ आहे, त्याची कडा न् कडा. त्याच्या खाली, कडेजवळ, एक नवा ठिपका होता. धुरकट, टाचणीच्या डोक्याएवढा.

"किती दिवस दुखतोय?"

तिनं ओढणी पुन्हा पुढं ओढली.

"रोज रात्री उशिरापर्यंत लेन्स ठेवत होतीस ना? होणाऱ्या नवऱ्याचा, सत्यजीतचा, व्हिडिओ कॉल असतो म्हणून?"

"झोपलेबी एकदा तशीच," ती पुटपुटली. "ताई, आजचा दिवस. फक्त आजचा. उद्यापास्नं महिनाभर घालणार न्हाई."

"लेन्स सापडली असती तर घातली असतीस?"

"घातली असती," ती सरळ म्हणाली. "दुखलं असतं तरी."

मला माझं 'का' मिळालं.

भिमाजी आप्पा गोठ्यात होते. साखरपुड्याचा नवा पांढरा शर्ट घातलेला आणि वासरापुढं चारा टाकत होते. ब्लेसी माती चाळून कंटाळली होती, तिथंच वासराच्या नाकाला बोट लावून बघत होती.

"आप्पा, द्या," मी म्हणाले.

त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय ते. पेंढी खाली ठेवली. हात शर्टाला पुसणार होते, मग थांबले. म्हणाले, "तुम्हीच घ्या मॅडम, माझं हात चाऱ्याचं हायत."

त्यांच्या वरच्या खिशात मागच्या वर्षी मी जास्तीची दिलेली डबी होती. आत ताजं सोल्यूशन आणि त्यात लेन्स, शांत पडलेली. काळंभोर बुबुळ.

"पहाटं गाईची धार काढाया उठलो," ते म्हणाले. "लेक झोपल्याली. तोंडावर दिवा पडला आन् तिनं झोपंतच डोळा दाबला. म्या वाकून बघितलं. पापणीखालनं पाणी येत व्हतं. तुम्हीच सांगितलं न्हवं का, मॅडम? लाल डोळा, लेन्स न्हाई. कुणाचं लगीन का असंना."

"मग तिला उठवून सांगायचं."

"काय सांगू? घालू नको म्हणू?" ते वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "चुना माझा व्हता. ती कवाच बोलली न्हाई, एका शब्दानं न्हाई. पण म्या जर म्हणलो असतो, बाई, आज तसल्या डोळ्यानं पाव्हण्याम्होरं बस... तर तिनं माझ्याकडं बघितलं असतं. नुसतं बघितलं असतं."

"आणि तुमच्या सुनेवर आळ आला."

त्यांनी चमकून वर बघितलं. खरंच माहीत नव्हतं. सकाळपासून माणूस गोठ्यातून आत गेलाच नव्हता. "धनश्रीवर? का? मला वाटलं, हारपली म्हणत्याल. डोळं आल्यात म्हणून काळा चष्मा लावंल, आजचा दिस निघंल."

"आजींनी तुम्हाला बघितलं असणार. त्यांनी स्वतःवर घेतलंय. शिळं पाणी ओतलं म्हणून."

आप्पा कडू हसले. "आई हाय ती."

"आप्पा, जुन्या फुलाखाली एक नवा ठिपका आलाय. मी डॉक्टर नाही, पण ते अंगावर काढायचं दुखणं नव्हे. आजच दाखवायला पाहिजे, पाहुणे जाईपर्यंत थांबायलाही नको. जो उजेड उरलाय तोही जाईल."

ते उभे राहिले तेव्हा वाटलं, एका रात्रीत माणूस किती म्हातारा झाला. "सांगतो तिला. आता म्याच सांगतो."

६

आत सगळे होते. आप्पांनी डबी सायलीच्या पुढ्यात ठेवली आणि आधी धनश्रीकडं वळले. "पोरी, तुझ्यावर आळ माझ्यामुळं आला." एवढंच म्हणाले, पण सासऱ्यानं सुनेपुढं मान खाली घालावी असं त्या घरात कुणी पाहिलं नसावं. धनश्री रडायलाच लागली. तिची सासू चाळणी हातात घेऊन तशीच उभी राहिली, चाळणीतून माती गळत होती.

सायलीनं लेन्सकडं बघितलं, मग बापाकडं. त्यांना ज्या नजरेची भीती होती, ती हीच.

"मला उठवायचं, आप्पा. सांगायचं."

"ऐकलं असतंस?"

"न्हाई ऐकलं असतं. तरी सांगायचं. माझा डोळा हाय."

"व्हय," आप्पा म्हणाले. "तुझा हाय."

खाटेवरून आजींनी घसा साफ केला. "आता ठरवा काय ते. पाव्हणी निघाली असत्याल."

सायलीनं डबीचं झाकण लावलं. घट्ट. डबी माझ्या हातात दिली. "वहिनी, फोन धर. माझ्या हाताला तेल हाय."

धनश्रीनं फोन धरला. सत्यजीतचा चेहरा दिसला, फेटा बांधलेला, मागं धावती झाडं. सायलीनं ओढणी मागं टाकली.

"हा माझा डावा डोळा," ती म्हणाली. "रोज दिसतो तो रंगवलेला असतो. लहानपणापासनं असाच हाय. आन् आज दुखतोय, म्हणून मला दवाखान्यात जायचंय. तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं."

तो बघत राहिला. मागं कुणीतरी काहीतरी मोठ्यानं विचारलं. "गाडी बाजूला घे," तो कुणाला तरी म्हणाला, आणि फोन बंद झाला.

नंतरचा वेळ मला लांब वाटला. सायलीच्या आईनं उगाच चुलीवरची कढई उतरवली, पुन्हा चढवली. आप्पा रस्त्याकडं तोंड करून मांडवाच्या खांबाला धरून उभे. दवाखान्यात न्यायला गाडी मिळावी म्हणून मी त्यांच्या शेजारी उभी राहून फोन लावत होते. पाहुणे नाही आले तरी डोळा थांबणार नव्हता.

दौंडहून दोन गाड्या निघाल्या होत्या. एक आली. दुसरी भीमेच्या पुलावरून मागं वळली होती, सत्यजीतचे वडील आणि चुलते घेऊन.

सत्यजीत उतरला. फेटा काढून हातात घेतलेला. त्याच्या मागं त्याची आई, जाड भिंगाचा चष्मा लावलेली ठसठशीत बाई. ती कुणाशी न बोलता सरळ सायलीपुढं गेली, तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. सायलीनं डोळा मिटला. पाण्याचा ओघळ गालावर आला.

"फसवलंत तुम्ही आम्हाला," ती बाई आप्पांना म्हणाली. "ते मी इसरणार न्हाई. त्याचं बोलणं बसून व्हईल, आमची मोठी माणसं काय म्हणत्यात ते बघून. पण लेकराचा डोळा एवढा लाल, आन् तुम्ही मांडव घालून बसलाय? चला. दौंडला डोळ्याचा दवाखाना हाय, आमच्या वळखीचा. रविवारीबी उघडतील."

सायली गाडीत बसली. सत्यजीत पुढं बसला होता. त्यानं आपला काळा चष्मा काढून मागं दिला, न बघता, आणि तिनं तो घेतला. आप्पा दाराशी घुटमळले. बसावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

"बसा की," सायली म्हणाली. "औषध घालाया लागंल. मला येत न्हाई, पापणी मिटती."

गाडी गेली. धनश्रीनं मला डब्यात शिरा बांधून दिला, साखरपुड्यासाठी केलेला, आणि म्हणाली, "झाला तर पुन्हा करू." आजी खाटेवर पडल्या होत्या. जाताना मी वाकले तर हळूच म्हणाल्या, "उजवी वाटी कोरडी व्हती, हे मला आधी सांगायचं व्हतंस. म्या एकच म्हणले असते."

परतीच्या वाटेवर ऊन चढलं होतं. ब्लेसी पुढं उभी, तिच्या केसांना गोठ्याचा वास. चर्च सुटलं असेल. एबनेझर विचारेल, सापडली का, आणि मी हो म्हणेन. मला वाटलं, ब्लेसी उभ्या उभ्या झोपली. मी एका हातानं तिला पोटाशी ओढलं.

"आई, आप्पाआजोबांनी ताईची लेन्स का लपवली?"

"तिचा डोळा दुखत होता ना. आणखी दुखू नये म्हणून."

"पण ताईला पाहिजे होती."

"हो."

"तिला राग आला."

"आला. पण त्यांचा तिच्यावर फार जीव आहे."

उसाची गाडी पुढं होती. मी वेग कमी केला. ब्लेसीनं मान वर करून, उलटी, माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. उन्हामुळं दोन्ही डोळे किलकिले केलेले.

"आई, मी मोठी झाले ना, की तू पण माझं काहीतरी लपवशील?"